‘सर्दी की फ्लू?’ : एका तक्त्याची तपासणी

साथ आली की वर्तमानपत्रात एक तक्ता हमखास येतो. डावीकडे लक्षणांची यादी, मधल्या रकान्यात ‘सर्दी’, उजवीकडे ‘फ्लू’. ताप : सर्दीत क्वचित, फ्लूत बहुधा असतोच. अंगदुखी : किरकोळ, तीव्र. सुरुवात : हळूहळू, अचानक. शिंका आणि नाक गळणे : नेहमी, कधीकधी. २००९ साली स्वाइन फ्लूच्या वेळी हा तक्ता आला, २०१५ साली आला, २०२० नंतर त्याला ‘कोविड’ नावाचा तिसरा रकाना जोडला गेला आणि मार्च २०२३ मध्ये ‘एच३एन२’च्या बातम्यांबरोबर तो पुन्हा हजर झाला. शाळेच्या सूचनाफलकावर चिकटवायला तो सोयीचा असतो. वर्गात वाचून दाखवता येतो, आणि परीक्षेत ‘फरक स्पष्ट करा’ म्हणून विचारताही येतो.

एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करतात तसे या तक्त्याचे करावे, असे बरेच दिवस मनात होते. वैद्यकाविषयीचा जो थोडाफार छापील मजकूर आपल्याकडे घरोघरी खरोखर वाचला जातो, त्यात हा तक्ता येतो. आणि तो वाचून माणसे काहीतरी ठरवतात : दवाखान्यात जायचे की घरीच काढा घ्यायचा, मुलाला शाळेत पाठवायचे की नाही. मग तो काय सांगतो, आणि काय सांगायचे सोडून देतो, हे पाहायला नको का?

आधी त्याच्या बाजूने जे म्हणण्यासारखे आहे ते म्हणू. तक्ता खोटा नाही. सर्दी देणाऱ्या विषाणूंमध्ये सर्वांत जास्त आढळतात ते ऱ्हायनोव्हायरस. त्यांना ३३ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान मानवते, म्हणजे शरीराच्या आतल्या भागापेक्षा नाकातले. त्यामुळे त्यांचा कारभार बहुतेक वेळा नाक-घशापुरता राहतो. फ्लूचा, म्हणजे इन्फ्लुएन्झाचा विषाणू नाकापासून श्वासनलिकेपर्यंत आणि कधीकधी फुप्फुसापर्यंतच्या अस्तरात वाढतो, आणि झपाट्याने वाढतो. त्याला तोंड देण्यासाठी पेशी जी रसायने रक्तात सोडतात, ती मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या केंद्रापर्यंत पोचतात आणि ताप चढतो. अंग मोडून येते तेही मुख्यतः याच रसायनांमुळे. विषाणू हाडा-स्नायूंत शिरलेला असतो म्हणून नव्हे. म्हणजे आपल्याला जो ‘आजार’ जाणवतो तो बराचसा आपल्याच शरीराच्या प्रतिकाराचा असतो. दुपारपर्यंत ठीक असलेला माणूस रात्री अंथरुणाला खिळतो, हे फ्लूचे वर्णन म्हणूनच बरोबर आहे.

मग बिघडते कुठे?

बिघडते ते पहिल्याच ओळीत, रकान्यांच्या नावांत. ‘फ्लू’ हे एका विषाणूवरून ठरणारे नाव आहे आणि ‘सर्दी’ हे लक्षणांवरून ठरणारे. सर्दी देऊ शकणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. त्या यादीत फ्लूचा विषाणूही येतो, कारण फ्लूची लागण झालेल्या अनेकांना फक्त नाक गळण्याइतकाच त्रास होतो आणि काहींना तोही होत नाही. एका बाजूला कारण आणि दुसऱ्या बाजूला दिसणे, अशी ही तुलना आहे. ‘ही वस्तू लोखंडाची आहे की गोल आहे?’ असे विचारण्यासारखेच ते आहे.

या गोंधळाला इतिहास आहे. १९३३ सालापर्यंत माणसाच्या फ्लूचा विषाणू कुणी वेगळा केलेला नव्हता. त्यामुळे फ्लू म्हणजे काय हे लक्षणांवरूनच ठरवावे लागे. १९१८ची साथ, जिने भारतात एक कोटीहून जास्त माणसे मारली आणि मुंबई इलाख्याला फार जबर तडाखा दिला, तिच्या काळातले डॉक्टर नेमक्या कोणत्या जंतूशी लढत आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला रुग्णाच्या घशातल्या स्रावातून फ्लू देऊन दाखवला. गंमत म्हणजे यांतल्याच अँड्र्यूज यांनी पुढे १९४६ साली इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळ सर्दीच्या अभ्यासाचे केंद्र काढले. तिथे स्वयंसेवकांच्या नाकात विषाणूचे थेंब घालून त्यांना काही दिवस वेगळे ठेवत. एकाच बाटलीतले थेंब घातलेल्यांपैकी काही जण शिंकून बेजार होत, काहींना जरा नाक चोंदल्यासारखे वाटे आणि पुष्कळांना काहीच होत नसे. विषाणू एक, माणसे निराळी, आजारही निराळे. १९६५ साली याच केंद्रात सर्दीच्या एका रुग्णाच्या स्रावातून एक नवाच विषाणू मिळाला. त्या जातीच्या विषाणूंना पुढे ‘कोरोनाव्हायरस’ असे नाव पडले. तेव्हा कोविडचा तिसरा रकाना ज्यांनी जोडला, त्यांनी खरे तर सर्दीच्याच रकान्यातल्या एका कुळातला सदस्य उचलून वेगळा बसवला. या कुळातले चार विषाणू आजही साधी सर्दी देत फिरत आहेत.

ही शब्दांची कीस काढणारी तक्रार वाटेल. तिचा व्यवहारातला परिणाम पाहू, आणि त्यासाठी थोडे अंकगणित करू. हे आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर करता येईल. आकडे मी हिशोबासाठी धरलेले आहेत. समजा, फ्लू झालेल्या १०० जणांपैकी ७० जणांना ‘अचानक ताप आणि खोकला’ असा तक्त्याप्रमाणे आजार होतो. इतर विषाणू झालेल्या १०० जणांपैकी २० जणांनाही तसाच होतो. आता ऐन साथीत, तालुक्यातल्या १००० आजारी माणसांपैकी ३०० जणांना फ्लू आहे असे धरा. तक्त्यात बसणारे फ्लूचे रुग्ण २१०, इतर ७०० पैकी १४०. म्हणजे तक्ता ज्यांना ‘फ्लू’ म्हणेल त्या ३५० जणांपैकी २१० जणांना तो खरोखर असेल, म्हणजे शंभरात ६० जणांना. आता साथ नसतानाचा महिना घ्या. १००० आजाऱ्यांपैकी फ्लूचे फक्त २०. त्यांतले १४ तक्त्यात बसतील, आणि उरलेल्या ९८० पैकी १९६ जणही बसतील. २१० पैकी १४, म्हणजे शंभरात जेमतेम ७.

तक्ता तोच, लक्षणे तीच, रुग्णही तसेच. तरी उत्तराची किंमत साठावरून सातावर आली, कारण आजूबाजूला काय चालले आहे ते बदलले. ही गोष्ट तक्त्यात कुठेही लिहिलेली नसते आणि लिहिताही येणार नाही, कारण ती रुग्णाच्या शरीरात नसून गावात आहे. अनुभवी डॉक्टर ‘सध्या काय चालू आहे’ हे मनात धरूनच नाडी बघतात. तक्ता हातात घेतलेला पालक ते धरत नाही.

दुसरीही बाजू बघा. पहिल्या हिशोबात ३०० पैकी ९० जणांना फ्लू असूनही तक्त्याने त्यांना ‘सर्दी’ म्हणून सोडून दिले. जून-जुलै २००९ मध्ये पाचगणीच्या एका निवासी शाळेत नव्या एच१एन१ विषाणूची साथ पसरली आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तिचा अभ्यास केला. बहुतेक मुलांचा आजार सौम्य होता. सौम्य म्हणजे काय? तर तक्त्याच्या मधल्या रकान्यात सहज खपून जाईल असा. त्यानंतर काही दिवसांतच, ३ ऑगस्टला, पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या साथीतला तो देशातला पहिला मृत्यू. विषाणू तोच होता.

आता नगरकडे येऊ. मार्च २०२३ च्या मध्यावर अहमदनगरला (आता अधिकृत नाव अहिल्यानगर) वैद्यकीय शिक्षण घेणारा एक तेवीस वर्षांचा विद्यार्थी दगावला. मित्रांबरोबर कोकणात फिरून आल्यावर तो आजारी पडला होता. त्याच्या नमुन्यात कोविडचा आणि एच३एन२चा असे दोन्ही विषाणू आढळल्याचे तेव्हा जाहीर झाले. बातम्यांचे मथळे मात्र बहुतेक एकाच नावाचे होते : एच३एन२चा राज्यातला बळी. कोविडला तोवर तीन वर्षे झाली होती, एच३एन२ हे नाव लोकांना नवे होते. (विषाणू मात्र जुना आहे. तो १९६८ पासून माणसांत फिरतो आहे.) दोनपैकी कोणत्या विषाणूने किती घात केला हे मथळ्याला सांगता येत नाही, आणि आपल्या तक्त्याला तर हा प्रसंग सुचलेलाच नाही. ‘हा की तो’ अशी त्याची रचना आहे. ‘हाही आणि तोही’ यासाठी रकाना नाही. त्या आठवड्यात नगरमध्ये ज्या घरी कुणी खोकत होते त्या घरात तक्ता काढून बसलेल्यांना त्यातून काय मिळाले असेल? त्यांचा खरा प्रश्न विषाणूच्या नावाचा नव्हताच. ‘आपला मुलगाही असा जाईल का, आणि तसे होऊ लागले तर कळणार कसे’ हा होता.

तक्ता परदेशातून जसाच्या तसा आला आहे, ही माझी आणखी एक तक्रार. जिथे तो तयार झाला तिथे फ्लू कडाक्याच्या हिवाळ्यात येतो आणि त्या दिवसांत तापाची दुसरी मोठी कारणे फारशी नसतात. तिथे ‘सर्दी की फ्लू’ हा प्रश्न तरी शोभतो. आपल्याकडे श्रीनगरला फ्लू हिवाळ्यात वाढतो, पण महाराष्ट्रात त्याची मोठी लाट पावसाळ्यात येते, शाळा भरल्यावर महिन्या-दोन महिन्यांत. एक लहान लाट हिवाळ्याच्या शेवटी येऊ शकते. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू असतो, चिकुनगुन्या असतो, हिवताप असतो, विषमज्वर असतो. अचानक चढलेला ताप, डोके ठणकणे, अंग मोडून येणे, हे वर्णन डेंग्यूचेही आहे. श्रीरामपूर किंवा संगमनेरच्या आईने ऑगस्टमध्ये तक्ता लावून ‘फ्लू’ असा निकाल काढला आणि अंगदुखीसाठी दुकानातून ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन आणले, तर डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. (फ्लू असला तरी मुलांना ॲस्पिरिन देऊ नयेच.) दोनच पर्याय देणारा प्रश्न तिसरे उत्तर डोळ्यांआड करतो.

सल्ल्याचा भागही असाच उसना. ‘रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा.’ पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत कारखान्याच्या तळावर कोपीत राहतात. कोपीला खोलीच एक, आणि कधी तीही उभे राहता येणार नाही इतकी ठेंगणी. ‘१०१च्या वर ताप’ असे लिहिताना घरात तापमापी आहे हे गृहीत असते. आपल्याकडे हाताच्या पालथ्या बाजूने कपाळ बघतात आणि ‘कणकण आहे’ म्हणतात. ‘कणकण’ हा शब्द फार नेमका आहे, पण कुठल्याही तक्त्यात मी तो पाहिलेला नाही.

आता लोकांच्या घबराटीबद्दल. ऑगस्ट २००९ मधले पुणे ज्यांनी पाहिले त्यांना आठवत असेल : तोंडाला रुमाल बांधलेले रस्ते, चढ्या भावाने विकले जाणारे मास्क, कापूर-वेलदोड्याच्या पुड्या, बंद शाळा आणि चित्रपटगृहे आणि नायडू रुग्णालयासमोरच्या लांबच लांब रांगा. ज्याला साधे पडसे होते तोही ‘सर्दी की फ्लू’ याचा निकाल लावून घ्यायला रांगेत उभा राहिला, आणि ज्याला फ्लू होता त्याच्या शेजारीच उभा राहिला. शंका फिटावी म्हणून गेलेल्याला लागण घेऊन येण्याची ती उत्तम सोय होती. त्यातच ‘स्वाइन’ या नावाने निराळाच घोळ घातला. फ्लू डुकराच्या मांसातून येत नसतानाही इजिप्तने त्या वर्षी देशातल्या डुकरांची सरसकट कत्तल केली.

अशा वेळी आम्हा विज्ञानवाल्यांची एक ठरलेली प्रतिक्रिया असते : ‘क्षयाने देशात यापेक्षा कितीतरी जास्त माणसे मरतात, त्याचे कुणाला काही नाही!’ हे वाक्य खरे आहे, तरी ते मला पटत नाही. नव्या विषाणूचे पुढे काय होणार हे साथीच्या पहिल्या महिन्यात शास्त्रज्ञांनाही ठाऊक नसते. तरणीताठी माणसे दगावत असताना आई-बाप घाबरले तर त्यात अडाणीपणा कसला? घबराटीला जायला योग्य वाट नव्हती, ही खरी अडचण होती. ‘फ्लू असेल तर घाबरा, सर्दी असेल तर निश्चिंत राहा’ असा अर्थ तक्त्यातून निघत होता, आणि कोणता रकाना आपला हे ठरवायला चाचणी हवी होती. मग सगळे चाचणीच्या दारात गेले.

त्याच सुमारास केंद्राच्या आरोग्य खात्याने दुसरा एक तक्ता काढला. त्याच्याकडे फारसे कुणी साहित्य म्हणून पाहिले नसेल, पण माझ्या मते विज्ञान व्यवहारात उतरवण्याचा तो एक चांगला नमुना आहे. त्याने ‘सर्दी की फ्लू’ हा प्रश्नच सोडून दिला आणि रुग्णांचे ए, बी, सी असे गट केले. ए : थोडा ताप, खोकला, घसादुखी. चाचणी नाही, ऑसेल्टामिविर नाही, घरी राहायचे, गर्दीत जायचे नाही, आणि एक-दोन दिवसांनी प्रकृतीचा पुन्हा अंदाज घ्यायचा. बी : ताप जास्त आणि घसा फार धरलेला, किंवा आजार सौम्य असला तरी माणूस जोखमीतला. म्हणजे पाच वर्षांखालचे मूल, गरोदर बाई, पासष्टीच्या पुढची व्यक्ती, दमा, हृदयरोग, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार असलेले. अशांना चाचणीची वाट न पाहता डॉक्टरांनी औषध सुरू करायचे, कारण ते पहिल्या ४८ तासांत दिले तर जास्त उपयोगी पडते. सी : धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी, रक्तदाब उतरणे, थुंकीतून रक्त, नखे निळी पडणे, लहान मुलांत झापड, न उतरणारा ताप, खाणे-पिणे तुटणे, झटके. लगेच रुग्णालय, आणि चाचणीही इथेच.

या दोन तक्त्यांतला फरक बघा. पहिला ‘हे काय आहे’ विचारतो आणि तिथेच थांबतो. दुसरा ‘आता काय करायचे’ विचारतो आणि त्यासाठी विषाणूच्या नावापेक्षा दोन गोष्टींना जास्त महत्त्व देतो : माणूस कोण आहे, आणि धोक्याची खूण दिसते आहे का. सात महिन्यांच्या गरोदर बाईला बारीक ताप आणि खोकला आहे. पहिला तक्ता तिला ‘सर्दी’ म्हणून घरी बसवील. दुसरा तिला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवील. २००९ मध्ये गरोदर स्त्रियांना या फ्लूचा धोका इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त होता. नगरच्या विद्यार्थ्यासारखे दोन विषाणू एकत्र असले तरी दुसऱ्या तक्त्याचे काही अडत नाही.

दोष त्यातही आहेत. तो डॉक्टरांसाठी, सरकारी भाषेत लिहिलेला होता, आणि शाळेच्या फलकावर जाण्याचे भाग्य पहिल्यालाच मिळत राहिले. शिवाय चाचण्या मुख्यतः सी गटाच्या होऊ लागल्यावर आकडे कसे वाचायचे हे लोकांना कुणी नीट सांगितले नाही. २०१५ साली भारतात या फ्लूचे ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू नोंदले गेले. भागाकार केला तर शंभरात सात येतात, आणि तसा भागाकार अनेकांनी करून पाहिला असेल. पण छेदात फक्त तपासलेले रुग्ण आहेत. घरी तीन दिवस झोपून बरे झालेले लाखो लोक त्यात नाहीत. अंशही पुरा नसतो : २००९च्या साथीत जगभर प्रयोगशाळेने पक्के केलेले मृत्यू सुमारे साडेअठरा हजार होते, पुढे अभ्यासकांनी काढलेला अंदाज त्याच्या पंधरा पट निघाला. अंश आणि छेद दोन्ही अपुरे असलेला अपूर्णांक बातमीत मात्र मोठ्या ठामपणे येतो. गणिताच्या शिक्षकांनी हा मुद्दा सोडू नये.

शाळेपुरते बोलायचे तर फलकावर काय लावावे? माझे मत, दुसऱ्या तक्त्याचे मराठी रूप. त्यात धोक्याच्या खुणा सर्वांत वर आणि मोठ्या अक्षरांत असाव्यात, आणि खाली एक ओळ : पावसाळ्यात दोन दिवसांपेक्षा जास्त ताप राहिला तर डेंग्यू-हिवतापासाठी रक्त तपासून घ्या. खोकल्याबद्दलही लिहावे. मार्च २०२३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांना सांगितले होते की ताप साधारण तीन दिवसांत जातो, खोकला तीन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो, आणि यासाठी अँटिबायोटिक देत बसू नका. ताप औषधाशिवाय चोवीस तास उतरलेला असला की मूल शाळेत येऊ शकते. नुसत्या खोकल्यासाठी त्याला तीन आठवडे घरी बसवायचे कारण नाही, आणि ताप असताना ‘शंभर टक्के हजेरी’च्या बक्षिसासाठी त्याने येण्याचेही नाही. ते बक्षीस पावसाळ्यापुरते तरी बंद ठेवावे.

अंकगणितात जो आकडा लागला होता, म्हणजे गावात सध्या किती चालू आहे, तो शिक्षकांच्या हाताशी असतो. हजेरीपटावर तापाने गैरहजर असलेल्यांपुढे एक खूण करायची आणि दर शनिवारी बेरीज मांडायची. जून ते सप्टेंबर असे सोळा-सतरा आकडे मिळतात. नववीची मुले त्यांचा आलेख काढू शकतात, आणि आकडा एकदम चढला तर प्राथमिक आरोग्य केंद्राला ती बातमी हवीच असते.

‘ताप असलेल्या मुलाला घरी पाठवा’ हे लिहायला सोपे आहे. आई-बाप कामावर गेले असतील तर घरी कोण आहे, आणि दुपारचे जेवण त्याला कुठे मिळणार? अशा मुलाला व्हरांड्यात, वाऱ्याला, इतरांपासून दोन हात लांब बसवून, पाणी आणि खिचडी देऊन, कुणी न्यायला येईपर्यंत तासातासाने त्याचा श्वास आणि झापड पाहात राहणे, एवढेच पुष्कळ शाळांना शक्य असते. सूचना लिहिणाऱ्यांनी त्यासाठीही एक ओळ ठेवायला हवी.